बोटीवर बायको नेता येते का?

आमच्या रत्नागिरीत एखाद्याची चौकशी केली आणि ‘तो बोटीवर असतो’ असं उत्तर आलं की पुढे कोणी फारसं विचारत नाही. जहाजावर नोकरी, पगार डॉलरमध्ये, गावात चिऱ्याचं नवं घर, त्या घरात आई-वडील आणि बायको. आणि घर बांधणारा मात्र वर्षातून चार-पाच महिने दिसणारा. लग्नाच्या बैठकीत पगाराचा आकडा ऐकून मुलीकडची वडीलधारी मंडळी खूश होतात. मुलगी मात्र आतल्या खोलीत बहिणीला विचारते, ‘मग मी कुठे असणार?’

हाच प्रश्न परवा आमच्या मेसच्या टेबलावर वेगळ्या वाटेने आला. आमच्यातला एक जण (मेकॅनिकल, शेवटचं वर्ष, डोक्यात जीएमईचं खूळ) मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत होता. परदेशातलं एक जोडपं, घर विकून शिडाची बोट घेतलेलं. सकाळी डेकवर कॉफी, संध्याकाळी सूर्यास्त, मधल्या वेळेत डॉल्फिन. आमचा मित्र पेटलाच. ‘ठरलं! जीएमई करायचं, पैसे कमवायचे, लग्न करायचं आणि बायकोला घेऊन बोटीवरच राहायचं. भाडं नाही, शेजारी नाही, नातेवाईक नाहीत!’

सगळे हसले. त्याच टेबलावर मिरकरवाड्यातला एक ज्युनिअर बसला होता. तो ताटातलं संपवत शांतपणे म्हणाला, ‘आमच्या बंदरात कितीतरी माणसं बोटीवरच राहतात. त्यांचा व्हिडिओ कोण काढत नाही.’

विषय तिथेच थांबला, कारण दही आलं. पण मला ते वाक्य काही सोडेना. बोटीवर राहणारे सगळेच बोटीवर ‘राहतात’, मग एकाचा संसार आणि दुसऱ्याची मजुरी असं का? शिवाय जीएमईला जाणारे आपल्यातलेच. मेकॅनिकलचा पदवीधर एक वर्षाचा ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स करून जहाजावर जातो, इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी ईटीओचा कोर्स आहे. दर बॅचमधून कोणी ना कोणी त्या वाटेने जाणारच. म्हणून हे लिहितोय.

आमच्या घराशेजारी एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान तेव्हा सेकंड इंजिनिअर होते आणि लग्नानंतर वहिनी त्यांच्याबरोबर पाच महिने एका बल्क कॅरिअरवर राहून आल्या. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. ‘वहिनी, तुम्ही बोटीवर राहिलात ना? खरं कसं असतं हो?’

‘काय सांगू तुला,’ वहिनी म्हणाल्या, ‘बँकेतली नोकरी सोडून मी सुपरन्यूमररी झाले!’ जहाजावर नेलेल्या बायकोचं नाव कागदोपत्री या शब्दाखाली येतं. म्हणजे वरकड, जादा माणूस. बावीस पुरुष आणि एक जादा माणूस.

केबिन तशी बरी. एक पलंग, एक सोफा, टेबल, न्हाणीघर. पण सगळं जमिनीला जखडलेलं, खुर्चीलासुद्धा साखळी. टेबलावर फडकं ओलं करून पसरायचं आणि त्यावर ताट ठेवायचं, म्हणजे ते घसरत नाही. जहाज फार लोळायला लागलं की गादीच्या एका कडेखाली लाईफ जॅकेट सारायचं. मग गादी भिंतीच्या बाजूला खोलगट होते आणि माणूस खाली पडत नाही. पहिले चार दिवस वहिनींना बोट लागली. पोटात काही ठरेना. पाचव्या दिवशी भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या कुकने, कोरडी बिस्किटं आणि आलं पाठवलं आणि गाडी रुळावर आली.

इंजिनाचा हादरा चोवीस तास. कपाटातले ग्लास एकमेकांना लागून किणकिणत असतात. आठवड्याभरात त्याची इतकी सवय झाली, की एकदा मध्यरात्री इंजिन बंद पडलं तेव्हा वहिनी आवाज थांबला म्हणून जाग्या झाल्या. यजमान तोवर बॉयलर सूट चढवून दारात. आजकालच्या जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसतो. ज्याची ड्यूटी त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. तीन इंजिनिअर आलटून-पालटून, म्हणजे दर तिसऱ्या रात्री ते पॅनेल यांच्या उशाशी. ‘पहिल्या रात्री मी घाबरून रडले. महिन्याभराने झोपेतच सांगायचे, अहो, तुमची वाजतेय.’

आता जेवण. रत्नागिरीच्या बाईला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल? चहूबाजूंना समुद्र आणि ताटात बर्फातला मासा! जहाज चालू असताना मासे कोण पकडणार? मागच्या बंदरात भरलेला, दगडासारखा गोठलेला, कुठल्या देशातला ते भंडाऱ्यालाही ठाऊक नाही असा मासा. रविवारी संध्याकाळी भंडाऱ्याच्या परवानगीने वहिनी गॅलीत जायच्या आणि नारळाच्या पावडरीत आमटी करायच्या. ती खायला ब्रिजवरून माणसं खाली यायची म्हणे.

पाण्याचं ऐका, आपल्या कामाचं आहे. मुख्य इंजिन थंड करणारं पाणी तापतं. त्याच उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून, समुद्राचं पाणी पन्नास-साठ अंशांच्या आसपास उकळतात आणि ती वाफ थंड करून गोडं पाणी मिळवतात. थर्मोडायनॅमिक्सच्या व्हायवाला विचारतात तेच हे. पण याचा अर्थ असा, की इंजिन बंद तर पाणीही बंद. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून बारा दिवस थांबलं तेव्हा टाकीतलं मोजून वापरायची पाळी आली. आंघोळ दिवसाआड, कपडे आठवड्यातून एकदा. वहिनी म्हणाल्या, ‘मे महिन्यातल्या आपल्या विहिरीची आठवण झाली हो.’ इतका पाऊस पडूनही आपल्याकडे मे महिन्यात टँकर येतो, तेव्हा हे दुःख आपल्याला समजावून सांगायला नको.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे रिकामा वेळ. नवरा दिवसभर इंजिनरूममध्ये. संध्याकाळी वर येतो तो तेलाचा वास घेऊन आणि डोळे मिटत. वहिनींना काम नाही, कारण त्या कर्मचारी नाहीत. डेकवर फेऱ्या मारायच्या, त्या मोजायच्या, पुस्तकं वाचायची. पुस्तकं संपली की तीच पुन्हा. ‘भांडण झालं तर?’ मी आगाऊपणे विचारलंच. ‘माहेर नाही, शेजारीण नाही. रागाने दरवाजा आपटायचीसुद्धा सोय नाही रे! जिन्याचे सगळे फायर डोअर. आपटायला गेलं तरी आपले आपण हळूच बंद होतात.’

दाढ दुखली तेव्हा डॉक्टरही नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि प्रवास तीन दिवसांहून लांबचा असेल, तरच जहाजावर डॉक्टर लागतो. मालवाहू जहाजावर बावीस-पंचवीस माणसं असतात. सेकंड ऑफिसरने औषधांची पेटी उघडली आणि पुस्तकात बघून गोळी दिली.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की वहिनी कंटाळून परतल्या. उलट आहे. ‘पुन्हा जाईन,’ म्हणाल्या. ‘तो काय करतो ते मला तिथे कळलं. त्याआधी नुसता पगार कळत होता.’ पुढच्या वेळी जायचं ठरलंही होतं. पण जहाज एडनच्या आखातातून जाणार होतं, सोमाली चाच्यांचे दिवस होते, आणि अशा मार्गावर बायका-मुलांना नेऊ नये असं कंपनीने ठरवलं. हिंदी महासागरातला तो धोक्याचा पट्टा अधिकृतपणे उठला तो १ जानेवारी २०२३ ला. तोवर यांचा मुलगा शाळेत जायला लागला होता.

निघता निघता मी सहज विचारलं, ‘जहाजावर आणखी कोणाच्या बायका होत्या का?’ ‘एकदा चीफ ऑफिसरची आली होती, दोन महिने.’ ‘आणि खलाशांच्या?’ वहिनी जरा थांबल्या. ‘त्यांना नसते रे परवानगी.’

इथे माझं मत सुरू होतं.

बायकोला बरोबर नेण्याचे नियम कंपनीगणिक वेगळे. पण साधारण चाल अशी, की कॅप्टन, चीफ इंजिनिअर, चीफ ऑफिसर, सेकंड इंजिनिअर यांना सहज परवानगी, धाकट्या ऑफिसरांना अटी घालून, आणि खलाशांना बहुतेक ठिकाणी नाही. काही कंपन्या सारंगाला किंवा भंडाऱ्याला थोडे दिवस देतात, पण तो अपवाद. आता कंत्राटांची मुदत बघा. ऑफिसरचं कंत्राट साधारण चार ते सहा महिन्यांचं. खलाशाचं सहा ते नऊ महिन्यांचं. म्हणजे जो जास्त दिवस घराबाहेर, त्याचीच बायको घरी. हा हिशोब मला तरी उलटा वाटतो.

कायदा काय म्हणतो? जहाजावर काम करणाऱ्यांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार केला, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन. तो २०१३ साली लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात केबिनच्या मापापासून सगळं लिहिलेलं आहे. झोपायचा बंक आतून किमान १९८ सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद. आपली हॉस्टेलची तीन फुटी खाट याहून रुंद आहे, तरी आपण कुरकुरतो! दहा हजार टनांच्या वरच्या जहाजावर खलाशाच्या एकट्याच्या खोलीला किमान ७ चौरस मीटर जागा, स्वतंत्र बैठक नसलेल्या ऑफिसरच्या खोलीला १०. आणि त्याच करारात, मार्गदर्शक सूचनांमध्ये, असंही आहे की शक्य असेल तिथे जहाजावर काम करणाऱ्याला अधूनमधून एखाद्या सफरीवर जोडीदाराला बरोबर नेता यावं, याचा विचार व्हावा. अपघात आणि आजारपणाचा विमा मात्र हवा. तिथे शब्द आहे ‘सीफेअरर’. ऑफिसर नाही. सीफेअररमध्ये कॅप्टनही येतो आणि इंजिनरूम पुसणारा वायपरही येतो.

सूचना म्हणजे सक्ती नव्हे, हे मला मान्य. आणि कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. जहाजाच्या सेफ्टी सर्टिफिकेटवर माणसांची एकूण संख्या लिहिलेली असते, लाईफबोटीत तेवढ्यांचीच सोय. पंचवीस जणांची सोय आणि बावीस कर्मचारी म्हणजे एका वेळी तीनच पाहुणे. बारापेक्षा जास्त प्रवासी झाले तर ते कायद्याने प्रवासी जहाज ठरतं. टँकरवर धोका जास्त. ऐंशी सेंटिमीटरच्या बंकवर दोन माणसं कशी झोपणार हाही प्रश्नच. पण तीन जागा असतील तर त्या तिन्ही वरच्या मजल्यावरच का जाव्यात? पाळीपाळीने का नाही? आणि बंकचं म्हणाल, तर बंक लोखंडाचा आणि प्लायवूडचा असतो, तो निसर्गाने ८० सेंटिमीटरचा घडवलेला नाही. जहाजाचं डिझाइन कोणीतरी इंजिनिअर करतो. त्याने ऑफिसरच्या केबिनमध्ये रुंद पलंग काढला आणि खलाशाच्या केबिनमध्ये अरुंद, तेव्हाच कोणाचा संसार होणार आणि कोणाचा नाही ते ड्रॉइंगवर ठरलं.

आमचा मित्र यावर म्हणाला, ‘आता जहाजावर इंटरनेट असतं. व्हिडिओ कॉल करायचा.’ बरोबर आहे. त्याच कराराच्या दुरुस्तीने डिसेंबर २०२४ पासून जहाजावर इंटरनेटची सोय देणं, शक्य तिथे, अपेक्षित आहे. चांगलंच झालं. पण मग ऑफिसरांनाही व्हिडिओ कॉलच का पुरत नाही?

आपल्या जिल्ह्याचं या धंद्याशी नातं फार जुनं. इंग्रजांच्या काळात ज्यांना लस्कर म्हणत, त्या आगबोटींवरच्या खलाशांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातली, विशेषतः कोकणी मुसलमान, माणसं पुष्कळ होती. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी हे शब्द इंग्रजी जहाजांवर चालत. करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी. बायका गावाला, खाडीकाठच्या घरात, मनिऑर्डरीची वाट बघत. बोटीने रत्नागिरीत आलेलं सगळ्यात नावाजलेलं जोडपं म्हणजे १८८६ सालचे थिबा राजा आणि सुपयालत राणी. त्यांनाही कोणी ‘येता का’ म्हणून विचारलं नव्हतं, पण निदान एकत्र आणलं. असो.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. शिडाच्या जहाजांच्या जमान्यात कॅप्टनची बायको बरोबर जायची. १८५६ साली ‘नेपच्यून्स कार’ नावाचं अमेरिकन जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. वाटेत कॅप्टन जोशुआ पॅटन आजारी पडून अंथरुणाला खिळला. त्याची बायको मेरी, वय वर्षं एकोणीस आणि पोटात मूल, आकडेमोड शिकलेली होती. तिने केप हॉर्नला वळसा घालून ते जहाज नेऊन पोचवलं. गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण ती बाई जहाजावर होती, कारण तिचा नवरा कॅप्टन होता. डोलकाठीवर चढणाऱ्याची बायको त्याच्याहून हुशार असली तरी ती धक्क्यावरच राहिली.

उलट इंग्लंडच्या कालव्यांवर गरीब जोडपी बोटीत राहू लागली ती गरजेपोटी. रेल्वे आली, कालव्यावरच्या मालवाहतुकीचे दर पडले, नावाड्याला घराचं भाडं परवडेना. मग बायको-मुलं बोटीवर. दहा-एक फुटांच्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब, आणि बायको सुकाणूवर, बिनपगारी. एका केबिनमध्ये किती माणसं राहावीत यावर बंधन घालायला १८७७ साली तिथे कायदा करावा लागला. म्हणजे बायकोला बोटीवर नेता येणं हेच सुख असंही नाही. हौसेने आलेली आणि नाइलाजाने आलेली यात फरक आहे. व्हिडिओतल्या जोडप्याला ती बोट नकोशी झाली की विकून परत फ्लॅट घेता येतो.

आता मिरकरवाडा. आपल्यापैकी बहुतेक जण तिथे पापलेट-सुरमईचा भाव विचारायला किंवा नुसते फोटो काढायला जाऊन आलेत. पुढच्या वेळी जेटीला एकमेकींना खेटून लावलेल्या ट्रॉलर्सवर नीट बघा. दोरीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याचं निळं पिंप, केबिनच्या मागे गॅसची शेगडी, जाळ्याच्या ढिगावर झोपलेला माणूस. हे खलाशी. कोणी कर्नाटकातले, कोणी उत्तर प्रदेशातले, पुष्कळसे नेपाळचे. ज्यांच्या देशाला समुद्र नाही, ते आपल्या समुद्रावर राबतात. तांडेल बंदरात आला की घरी जातो, त्याचं घर हाकेच्या अंतरावर. खलाशी बोटीवरच राहतो, कारण त्याला दुसरं घर इथे नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो गावाला जातो. बाकी हंगामभर हीच त्याची खोली, हेच अंगण. मुलगा दहा महिन्यांनी मोठा झालेला दिसतो.

आपल्याकडे मासळीच्या धंद्यात बाईशिवाय पान हलत नाही. लिलाव, निवड, सुकवणं, टोपली घेऊन बाजार, सगळीकडे ती. पण ती स्थानिक बाई. खलाशाची बायको या चित्रात कुठेच नाही. ती आली तर राहणार कुठे? बोटीवर तर आडोसाही नाही. आणि मघाशी ज्या कराराचं कौतुक केलं ना, तो मासेमारी बोटींना लागूच नाही. त्यांच्यासाठी वेगळा करार २००७ साली झाला. जहाजावरच्या वायपरला ‘विचार व्हावा’ एवढं तरी लिहून मिळालंय, मिरकरवाड्याच्या खलाशाला तेही नाही.

मला विचाराल तर बंदरासाठी निधी येतो तेव्हा नुसत्या धक्क्याच्या लांबीवर भाषणं नकोत. खलाशांसाठी न्हाणीघर-संडास, आणि चार बऱ्या खोल्या, जिथे एखाद्याची बायको-मुलं दिवाळीत आठ दिवस येऊन राहू शकतील. सिव्हिलवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत असता ना? हा घ्या. पुन्हा तोच मल्टिप्लेक्सचा प्लॅन काढण्यापेक्षा बरा.

आणि जीएमईवाल्या मित्रा, तुला बोटीवर संसार करायचाय ना, जरूर कर. वहिनींना भेटवतो. पण कंपनीच्या मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतील, तेव्हा पगार आणि बढतीनंतर एवढं विचार, की बायको नेण्याची परवानगी खलाशांनाही आहे का. मुलाखत घेणारा चमकेल. नोकरी जाईल असं वाटत नाही. आणि उद्या तू चीफ झालास, कोणाच्या अर्जावर तुझी शिफारस लागली, तर फिटरचा अर्ज खालीच ठेवू नकोस.

वहिनींनी दारात निरोप देताना एक सांगितलं. त्यांच्या जहाजावरचा सारंग गुहागरकडचा. वहिनी रत्नागिरीच्या आहेत हे कळल्यावर रोज संध्याकाळी डेकवर दोन शब्द बोलायचा. सातवा महिना चालू होता त्याचा. जहाज आपल्याच किनाऱ्यावरच्या एका बंदरात लागलं तेव्हा त्याची बायको गुहागरहून रात्रभर एसटीने आली. गेटवर पास मिळायला दुपारचे दोन वाजले. मग ती जहाजाची शिडी चढली, हातात डबा. मेसरूममध्ये दोघं समोरासमोर बसली. आजूबाजूला खलाशांची ये-जा, टीव्ही चालू. वहिनींनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, जरा पाठ टेका म्हणाल्या. ती संकोचली. ‘नको, इथेच बरी आहे,’ म्हणाली, आणि डब्यातल्या घावन्यांतले दोन वहिनींना दिले. पाच वाजता पासची वेळ संपली.